तेवीस किलो

खैरनारांची ऋजुता परवा गच्चीवर आली,
जर्मनीबद्दल विचारायला.
डिसेंबर. महात्मानगरात सगळे कानटोप्या घालून,
नऊ अंश म्हणे, निफाडला त्याहून कमी.
"ही कसली थंडी," मी म्हणालो,
आणि सुरू झालो.

केम्निट्झचा बर्फ सांगितला.
ट्राम सांगितली, सात सव्वीस म्हणजे सात सव्वीस.
रात्री उशिरापर्यंत उघडी लायब्ररी,
काळा पाव, वर बोटभर लोणी,
आणि शेजारच्या खोलीतला टोमाश, पोलंडचा,
बटाट्याचं सूप करायचा तो,
आम्ही दोघं पातेल्यातूनच प्यायचो.
ऋजुता चिवडा खात ऐकत होती.
मला माझाच आवाज आवडत होता.

"मग परत का आलात काका?"
याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं,
पंचवीस वर्षं हाताळून गुळगुळीत झालेलं:
बाबा गेले, आई एकटी होती.
खोटं नाही.
फक्त बाबा गेले ते मी आल्यावर,
आठ महिन्यांनी.

रात्री तिला दाखवायला गुणपत्रिका शोधत होतो
तर माळ्यावरच्या पेटीत हिशेबाची वही निघाली.
अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव. अक्षर माझंच,
बारीक, कागदसुद्धा वाचवणारं.

पाव, कालचा, अर्ध्या किमतीत.
फोनकार्ड, दहा मार्क. बारा मिनिटं.
फोनकार्ड, दहा मार्क. आई बारापैकी नऊ मिनिटं गप्प.
हातमोजे: घेतले नाहीत.
टोमाशकडून उसने: पन्नास.

पुढची पानं उलटली, मागची उलटली.
परत केल्याची नोंद नाही.

आणि चौदा जानेवारीनंतर तीन आठवडे
कोरे.

अंबडला कारखान्यात मी गेज तपासतो.
मायक्रॉनचा फरक असला तरी हाताला लागतो.
हे तीन आठवडे लागेनात.
मग आधी हीटरचा पाइप आठवला,
पांढरा, पोपडे सुटलेला.
भिंतीकडे तोंड करून पडलं की समोर तोच.
दुसऱ्यांदा नापास झालो होतो.
दाराला आतून कडी.
आणि बाहेर, फरशीवर,
पातेलं टेकवल्याचा आवाज. रोज.

तर सूप हे असं होतं.
की नंतर कधी खरंच प्यायलो होतो दोघं मिळून?
विचारणार कुणाला,
वहीत त्याच्या नावापुढे फक्त पन्नासचा आकडा आहे.

मी त्याला काय दिलं म्हणाल तर नाशिक दिलं.
उठून बसायला लागल्यावर तासन्‌तास सांगायचो:
गोदावरी, तळाचे गोटे दिसतील इतकी स्वच्छ.
पाणवेली नव्हत्या तिच्यात, नाल्याचं तोंड नव्हतं.
अशोक स्तंभाजवळ सायकलच्या दुकानात बाबा,
हातांना ग्रीस, स्वभावाने शांत,
कधीच कुणावर हात न उगारलेले.
टोमाश ऐकायचा, सिगरेट वळायचा,
एकदा म्हणाला, "मग तू इथं कशाला आलास?"

तेव्हाही मी काहीतरी पटकन सांगितलं असणार.

आज ऋजुताकडे बॅगेचा काटा घेऊन गेलो.
बॅग लटकवून धरली. आकडा थरथरला, थांबला.
सव्वीस. तीन किलो जास्त.
तिने सगळं फरशीवर उपसलं:
मेतकूट, भाजणी, पिंपळगावचे बेदाणे,
छोटा कुकर, गुंडाळलेले स्वेटर,
घरच्यांचा फ्रेममधला फोटो, काचेसकट.
तिची आई दारात उभी,
एकेका वस्तूवर डोळे ठेवून.

"काका, तुम्ही राहिलाय तिकडे," ऋजुता म्हणाली,
"तुम्हीच सांगा, काय काढू?"

मी हातमोजे तेवढे उचलून परत आत ठेवले.
बाकीचं मला ठरवता येईना.